पाचशे तबकड्या ते दोन ग्रॅमी : अडेलची पहिली तीन वर्षं

ब्रिटिश गायिका अडेलची गोष्ट सहसा अशी सांगितली जाते : शाळेत असताना केलेला डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंग, मैत्रीतल्या कुणीतरी मायस्पेस या तेव्हाच्या समाजमाध्यमावर टाकला, एका लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, तो ऐकला आणि मुलगी रातोरात स्टार झाली. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी चूक. करारावर सही झाली सप्टेंबर २००६ मध्ये आणि पहिला अल्बम दुकानात आला जानेवारी २००८ मध्ये. मधल्या सोळा महिन्यांत काय केलं गेलं आणि काय मुद्दाम केलं गेलं नाही, हाच या प्रकरणाचा गाभा आहे. इथे २००६ च्या उन्हाळ्यापासून फेब्रुवारी २००९ पर्यंतचा काळ घेतला आहे, कारण गाणी स्वतः लिहिणाऱ्या सोल वळणाच्या गायिकेपुढे येणारे जवळजवळ सगळे पेच या काळात सापडतात.

डेमोच्या आधी

हे थोडक्यात. जन्म ५ मे १९८८, उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅमचा. आईने एकटीने वाढवलं. मधली काही वर्षं ब्रायटनला, मग दक्षिण लंडन. किशोरवयात तिने एचएमव्हीच्या दुकानातल्या स्वस्त सीडींच्या ढिगातून एटा जेम्स आणि एला फिट्झजेराल्ड या जुन्या अमेरिकन गायिका उचलल्या. एटाचे केस आवडले, केस कापणारीला फोटो दाखवता येईल, एवढंच कारण होतं. ऐकायला सुरुवात नंतर झाली. एमी वाइनहाउसचा पहिला अल्बम ऐकून गिटार हातात घेतली, हेही तिने स्वतः सांगितलेलं आहे.

क्रॉयडनच्या ब्रिट स्कूल या कलाशिक्षणाच्या शाळेतून ती मे २००६ मध्ये बाहेर पडली. १९९१ मध्ये सुरू झालेली ही शाळा सरकारी पैशावर आणि ब्रिटिश रेकॉर्ड उद्योगाच्या मदतीवर चालते आणि फी घेत नाही. लिओना लुइस आणि जेसी जे त्याच काळात तिथे होत्या. शाळेने आवाज घडवला असं म्हणता येणार नाही, तो आधीच होता. मिळालं ते वेगळंच : रेकॉर्डिंगची सोय, वेळेत पूर्ण करून द्यावा लागणारा प्रकल्प आणि हा धंदा कसा चालतो याची जाण. खुद्द अडेलला तेव्हा गायिका होण्यापेक्षा ‘ए अँड आर’मध्ये, म्हणजे लेबलसाठी नवे कलाकार हेरणाऱ्या विभागात जावंसं वाटत होतं.

डेमो हा वर्गातल्या प्रकल्पाचा भाग होता आणि त्यात गाणी तीन. हा आकडा नीट लक्षात घ्यावा. ए अँड आरच्या माणसापुढे दहा गाण्यांचा डेमो आला तर तो पहिल्या गाण्याचा पहिला अर्धा मिनिट ऐकतो, तीन गाण्यांचा आला तर निदान तिन्ही चाळतो. नवख्यांचे डेमो फसतात ते बहुतेक एकाच जागी. आवाज सुरू होण्याआधी चाळीस सेकंद संगीत वाजतं आणि आवाज आला की तो प्रोग्रॅम केलेल्या ड्रम आणि स्ट्रिंगच्या खाली गाडला जातो. अडेलच्या सुरुवातीच्या गाण्यांत हा धोका नव्हता, कारण ती एका वाद्यावर बेतलेली होती. ‘डेड्रीमर’मध्ये एक गिटार आणि एक आवाज. ‘होमटाउन ग्लोरी’मध्ये पियानोवर फिरत राहणारी एकच आकृती. ‘माय सेम’ला जॅझच्या अंगाचा झोका. आपल्याकडे नुसत्या पेटी-तबल्यावर भावगीत उभं राहतं की नाही यावरून चालीची पारख होते, तशीच पारख इथे होत होती.

‘होमटाउन ग्लोरी’ तिने सोळाव्या वर्षी लिहिलं. आईला वाटत होतं मुलीने लंडनबाहेर विद्यापीठात जावं, मुलीला लंडन सोडायचं नव्हतं. त्या वादातून ते आलं. सोळाव्या वर्षी प्रेमभंगाखेरीज काही लिहिता आलं, हे तिच्या पुढच्या सगळ्या कामाकडे पाहता थोडं आश्चर्याचंच.

सही कुणापुढे केली

मायस्पेसवरचा डेमो एक्सएल रेकॉर्डिंग्जच्या निक हगेट यांच्या कानावर गेला. त्यांनी ई-मेल पाठवला, तिने आधी उत्तरच दिलं नाही. इंटरनेटवरून असं काही येतं यावर तिचा विश्वास नव्हता आणि रेकॉर्ड कंपनी म्हणून तिला नाव माहीत होतं ते व्हर्जिनचं. भेटायला जाताना ती सोबत एका मित्राला घेऊन गेली. अठरा वर्षांच्या मुलीने दाखवलेली ही सावधगिरी योग्यच होती आणि आजही अनोळखी संदेशावरून एकटीने भेटायला जाऊ नये.

पुढचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. हगेट यांनी तिला मॅनेजर सुचवला : सप्टेंबर मॅनेजमेंटचे जोनाथन डिकिन्स. जून २००६ मध्ये डिकिन्स तिचे मॅनेजर झाले आणि करार झाला त्यानंतर, सप्टेंबरमध्ये. म्हणजे कागदावर सही करताना तिच्या बाजूने बोलणारा माणूस खोलीत होता. डिकिन्स यांचं घराणंच या धंद्यातलं. वडील बॅरी डिकिन्स मैफलींचे मोठे एजंट, काका रॉब डिकिन्स वॉर्नरच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख राहिलेले.

इथे एक शंका घेणं भाग आहे. लेबलनेच सुचवलेला मॅनेजर तुमच्या बाजूने भांडेल की लेबलच्या? या प्रकरणात निभावलं आणि फार चांगलं निभावलं. पण हा नियम म्हणून घेऊ नये. मॅनेजर कुणीही सुचवलेला असो, करार वाचणारा वकील स्वतःचा हवा आणि त्याची फी लेबलकडून परस्पर दिली जाऊ नये. अडेलला डिकिन्स यांच्याकडे ओढणारी गोष्ट साधी होती. ते जेमी टी या गायकाचे मॅनेजर होते आणि जेमी टी तिला फार आवडायचा. ओळखीचा हा एक धागा पुढे तिच्या पहिल्या रेकॉर्डपर्यंत जातो.

एक्सएल १९८९ मध्ये डान्स संगीताचं लेबल म्हणून सुरू झालं. द प्रॉडिजी, डिझी रास्कल, एम.आय.ए. ही त्यांची ओळख. सोल आणि पियानोवर गाणारी मुलगी तिथे कशाला, हा प्रश्न तेव्हा रास्तच होता. आमच्या मते हाच तिचा सर्वांत मोठा फायदा ठरला. मोठ्या लेबलमध्ये बॅलड गाणारी मुलगी आली की तिच्यासाठी साचा तयार असतो : ठरलेले सहगीतकार, ठरलेला निर्माता आणि आधी त्याच साच्यातून निघालेल्या गायिकेशी तुलना. एक्सएलकडे तसा साचा नव्हता, मोजकेच कलाकार होते आणि थांबायची तयारी होती.

पैशाचं गणित सर्वसाधारणपणे कसं चालतं ते थोडक्यात. मोठी लेबलं अ‍ॅडव्हान्स देतात आणि विक्रीवर ठरावीक टक्के रॉयल्टी लावतात. अ‍ॅडव्हान्स, रेकॉर्डिंगचा खर्च आणि अनेकदा व्हिडिओच्या खर्चाचा काही भाग कलाकाराच्या टक्क्यातून वसूल होईपर्यंत कलाकाराला पुढचं काही मिळत नाही. ब्रिटनच्या स्वतंत्र लेबलांत अ‍ॅडव्हान्स लहान ठेवून खर्च वजा जाता नफा निम्मानिम्मा वाटायची पद्धत बरीच रूढ आहे. अल्बम पडला तर दुसऱ्या पद्धतीत सुरुवातीला हाती कमी येतं, चालला तर फरक प्रचंड पडतो. गीत-संगीताचे हक्क यापेक्षा वेगळे असतात. गाणं स्वतः लिहिलं असेल तर रेडिओ, टीव्ही आणि मंचावरच्या प्रत्येक वापराचा वाटा लेबलच्या वसुलीत न अडकता पीआरएस या ब्रिटनमधल्या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेमार्फत गीतकाराला मिळतो. आपल्याकडे हेच काम आयपीआरएस करते. स्वतः लिहिणाऱ्या गायिकेचं घर पहिल्या दोन वर्षांत यावर चालू शकतं, नुसत्या गाणाऱ्या मुलीचं चालणं कठीण.

सोळा महिने

सही झाली तेव्हा तिच्याकडे अल्बमभर गाणी नव्हती, मोजकीच होती. पुढचे काही महिने नवं फारसं आलं नाही. मग २००७ मध्ये एक नातं तुटलं आणि गाणी भराभर आली. अल्बमचा मोठा भाग त्यातून उभा राहिला. या कोरड्या महिन्यांत लेबलने तिच्या गळ्यात तयार गाणी बांधली असती तर ‘१९’ हा तिचा पहिला अल्बम वेगळाच झाला असता, बहुधा जास्त गुळगुळीत आणि पटकन विसरला जाणारा.

तोवर ती नुसती बसून नव्हती. जॅक पेन्याटे या एक्सएलच्याच गायकाच्या पहिल्या अल्बममधल्या ‘माय इव्हॉन’साठी तिने आवाज दिला. त्या सत्रात तिला निर्माता जिम अ‍ॅबिस भेटला. आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम करणारा हा माणूस, सोलशी त्याचा लौकिकार्थाने संबंध नाही. पुढे ‘१९’मधल्या १२ पैकी ८ गाण्यांची निर्मिती त्याचीच. निर्माता असा दुसऱ्याच्या कामात, हातात काही पणाला लागलेलं नसताना भेटला तर कसा वागतो ते कळतं. ठरवून घेतलेल्या बैठकीत सगळेच गोड बोलतात.

जून २००७ मध्ये बीबीसीवरच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात तिने ‘डेड्रीमर’ गायलं. तेव्हा तिचं एकही रेकॉर्ड बाजारात नव्हतं. त्या मालिकेत वादक एका गोल दालनात आपापल्या जागी बसलेले असतात. तिची जागा होती पॉल मॅकार्टनी आणि ब्यॉर्क यांच्या मधोमध. एक गिटार आणि १९ वर्षांची मुलगी. विकायला काहीच नसताना टीव्हीवर जाणं हे हिशेबात वेडेपणाचं वाटतं. पण या कार्यक्रमाचे प्रेक्षक संगीतातलेच लोक असतात : समीक्षक, रेडिओवाले, मैफलींचे आयोजक. सहा महिन्यांनी नवोदितांच्या पुरस्कारासाठी आणि यादीसाठी मतं देणारे यांच्यातलेच होते.

आणि मग ती तबकडी. ‘होमटाउन ग्लोरी’ २२ ऑक्टोबर २००७ रोजी सात इंची व्हिनाइलवर निघालं, मागच्या बाजूला ‘बेस्ट फॉर लास्ट’. प्रती ५००. लेबल एक्सएल नव्हे, जेमी टीचं पेसमेकर रेकॉर्डिंग्ज. पाचशे प्रतींतून पैसे मिळत नाहीत, छपाई आणि वितरण भागलं तरी पुष्कळ. मग कशासाठी? गाणं ‘प्रकाशित’ झालं की रेडिओला ते वाजवायला आणि वर्तमानपत्राला त्यावर लिहायला निमित्त मिळतं. प्रती संपल्या की ‘मिळत नाही’ ही बातमी होते. शिवाय सिंगल, म्हणजे असं सुटं काढलेलं गाणं, खपाच्या यादीत खाली राहिलं तरी कुणी त्याला पडलेलं म्हणत नाही, कारण पाचशे प्रतींचं रेकॉर्ड वर जाणारच नव्हतं. हेच गाणं एक्सएलच्या नावावर पूर्ण जाहिरातीसह निघालं असतं आणि साठाव्या क्रमांकावर अडकलं असतं, तर अल्बमच्या आधीच ‘चालली नाही’ हा शिक्का बसला असता.

कोणाबरोबर काय

‘१९’च्या १२ गाण्यांचा हिशेब असा : अ‍ॅबिस ८, एग व्हाइट ३, मार्क रॉनसन १. साधारण निम्मी गाणी तिची एकटीची आहेत.

एग व्हाइटचं काम ‘चेसिंग पेव्हमेंट्स’मध्ये सर्वांत ठळक दिसतं. विल यंग आणि जेम्स मॉरिसन यांच्यासाठी गाजलेली गाणी करणारा हा माणूस. रेडिओवर चालेल असं ध्रुवपद कसं उचलायचं हे त्याला पक्कं ठाऊक. इथे कडवं अगदी बोलल्यासारखं, खालच्या सुरात चालतं आणि ध्रुवपदाला आवाज एकदम छातीतून वर येतो, मागून स्ट्रिंग भरतात. सहगीतकार घेतला की हक्कांतला वाटा द्यावा लागतो. हे एक गाणं नसतं तर अल्बम पहिल्या क्रमांकावर जाणं अवघड होतं, तेव्हा तो वाटा स्वस्तच म्हणायचा.

रॉनसनचं ‘कोल्ड शोल्डर’ मात्र चांगलं असूनही पेचात टाकणारं. वाइनहाउसचा ‘बॅक टू ब्लॅक’ ऑक्टोबर २००६ मध्ये आलेला आणि त्यातली निम्म्याच्या आसपास गाणी रॉनसनची. त्याच हाताचे ड्रम, त्याच गल्लीतली मुलगी, शाळाही तीच. ‘नवी एमी’ हा शिक्का आपण होऊन मारून घेण्यासारखं होतं ते. अल्बमभर रॉनसन असता तर त्यातून सुटका नव्हती. एकाच गाण्यापुरता ठेवला, हे शहाणपण.

बॉब डिलनचं ‘मेक यू फील माय लव्ह’ घ्यायचा आग्रह डिकिन्स यांचा. मूळ गाणं १९९७ च्या अल्बममधलं. स्वतः लिहिणाऱ्या मुलीच्या पहिल्या अल्बममध्ये दुसऱ्याचं गाणं घालण्याचा व्यावहारिक अर्थ असा की ते कितीही वाजलं तरी गीतकाराचा पैसा डिलनकडे जाणार, तिला गायिका म्हणून जे मिळेल तेच. तरी ते घेतलं, कारण पियानो आणि आवाज एवढ्यावर चालणारं पक्कं बांधलेलं गाणं अल्बमला हवं होतं.

‘टायर्ड’सारखी एक-दोन गाणी नसती तरी चाललं असतं. वाद्यं वाढली की तिचा आवाज लहान होतो, ही या अल्बमची उघड खूण आहे.

जानेवारीचा डाव

डिसेंबर २००७ मध्ये तिला ब्रिट पुरस्कारांचा, म्हणजे ब्रिटिश संगीत उद्योगाच्या वार्षिक पुरस्कारांचा, नवा ‘क्रिटिक्स चॉइस’ जाहीर झाला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिलीच. जानेवारीच्या सुरुवातीला होतकरू नवोदितांच्या बीबीसीच्या ‘साउंड ऑफ २००८’ यादीतही ती पहिली आली. दुसरी गायिका डफी, मग द टिंग टिंग्ज. १४ जानेवारीला ‘चेसिंग पेव्हमेंट्स’, २८ जानेवारीला ‘१९’. सिंगल दुसऱ्या क्रमांकापर्यंत, अल्बम थेट पहिल्या.

जानेवारी निवडण्यामागे हिशेब असतो. नाताळात मोठी नावं विकून झालेली असतात, नवे अल्बम थोडे असतात, म्हणून कमी प्रतींवर वरचा क्रमांक मिळतो. वर्तमानपत्रंही ‘यंदाचे चेहरे’ छापत असतात. धोका हा की अपेक्षा ऐकण्याच्या आधीच वाढते. याच बीबीसी यादीत २००५ मध्ये पहिला आलेला द ब्रेव्हरी हा बँड आज किती जणांना आठवतो? अडेलच्या बाबतीत यादी आणि अल्बम यांत चार आठवडेही नव्हते. लोकांना नाव कळलं आणि लगेच ऐकायला मिळालं.

पुढच्या सिंगलचे ब्रिटनमधले क्रमांक मात्र पाहा. एप्रिलमध्ये ‘कोल्ड शोल्डर’ १८. जुलैमध्ये पुन्हा काढलेलं ‘होमटाउन ग्लोरी’ १९. शरदात ‘मेक यू फील माय लव्ह’ २६. नुसत्या या आकड्यांवरून कोणी म्हणेल, मुलगी एका गाण्याची. त्याच वर्षी डफीचं ‘मर्सी’ पाच आठवडे पहिलं होतं आणि तिचा ‘रॉकफेरी’ ब्रिटनमधला २००८ चा सर्वांत खपाचा अल्बम ठरला. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत अडेल होती, मिळालं एल्बो या बँडला. म्हणजे सोल वळणाच्या ब्रिटिश मुलींच्या त्या लाटेत घरच्या मैदानावर अडेल दुसरी होती. हे आज कुणी आठवत नाही.

अमेरिका : एक चूक आणि एक योगायोग

मार्च २००८ मध्ये अमेरिकेसाठी एक्सएल आणि कोलंबिया हे मोठं लेबल यांच्यात जुळणी झाली आणि १० जूनला अल्बम तिथे निघाला. अमेरिकेत नव्या परदेशी गायिकेला रेडिओ सहसा दार उघडत नाही. शहराशहरांत लहान सभागृहं करत, स्थानिक केंद्रांना भेटी देत पुढे जावं लागतं. दौऱ्याला मेपासून सुरुवात झालेली होती.

मग तिने त्याच वर्षी अमेरिकेतले कार्यक्रम रद्द केले. कारण पुढे तिनेच मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं : पिणं फार झालं होतं आणि प्रियकरापासून दूर राहवत नव्हतं. दौरा रद्द होतो तेव्हा तिकिटांचे पैसे परत जातात, एवढ्यावर ते थांबत नाही. वादकांना ठरलेलं मानधन द्यावं लागतं, बस आणि ध्वनियंत्रणेचं आगाऊ भाडं बुडतं. सर्वांत महाग पडते ती आयोजकाची आठवण, पुढच्या वेळी तो लहान सभागृह देतो किंवा देतच नाही. विसाव्या वर्षी घर सोडून महिनोन्‌महिने फिरवणं हा वेळापत्रकाचाही दोष असतो. दर तीन-चार आठवड्यांनी घरी परतण्याची सोय आखली नाही तर असं होणार हे आधी दिसायला हवं.

यातून वाचवलं ते नशिबाने. १८ ऑक्टोबर २००८ रोजी ती ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात पाहुणी गायिका होती. अध्यक्षीय निवडणुकीला तीन आठवडेही उरले नव्हते आणि त्याच भागात रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन आल्या. कार्यक्रमाला १४ वर्षांतला सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. तिने ‘चेसिंग पेव्हमेंट्स’ आणि ‘कोल्ड शोल्डर’ गायलं. दुसऱ्या दिवशी ‘१९’ आयट्यून्सवर पहिला, आणि बिलबोर्डच्या अल्बम यादीत ४६ वरून ११ वर.

पण पेलिन यांना पाहायला बसलेल्या लाखोंनी लगेच अल्बम का घेतला? कारण तो जूनपासून तिथे विक्रीला होता आणि मंचावर जे ऐकलं तेच अल्बममध्ये होतं. प्रक्षेपण थेट, आवाज खरा. योगायोगाचा फायदा घ्यायला माल तयार असावा लागतो. जूनऐवजी पुढच्या वसंतात अल्बम काढायचं ठरलं असतं तर ती रात्र वाया गेली असती.

३ डिसेंबरला ग्रॅमीची चार नामांकनं जाहीर झाली. ८ फेब्रुवारी २००९ रोजी दोन पुरस्कार मिळाले : सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार आणि ‘चेसिंग पेव्हमेंट्स’साठी पॉप गायिकेचा. नवोदितांत डफी आणि जोनास ब्रदर्सही होते. दहा दिवसांनी लंडनमध्ये ब्रिट पुरस्कारांत डफीने तीन नेले, अडेलने एकही नाही.

त्या खालच्या सिंगलचं पुढे

‘मेक यू फील माय लव्ह’ २००८ मध्ये २६ वर थांबलं होतं. २०१० मध्ये टीव्हीवरच्या गायनस्पर्धेत स्पर्धकांनी ते गायलं आणि तीच अडेलची आवृत्ती ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर पोचली. गीतकाराचा पैसा अर्थात डिलनकडेच गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये ब्रिट पुरस्कारांच्या मंचावर तिने नुसत्या पियानोवर एक नवं गाणं गायलं. त्या आठवड्यात पहिल्या पाच सिंगलमध्ये तिची दोन आणि पहिल्या पाच अल्बममध्ये तिचे दोन होते. १९६४ मधल्या बीटल्सनंतर हे कुठल्याही हयात कलाकाराला जमलं नव्हतं. दोन अल्बमपैकी एक नवा ‘२१’. दुसरा तीन वर्षं जुना ‘१९’.